गेमिंगच्या बातम्यांत न बसणारे काही गेम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्याच्या आधी आणि नंतरही मराठी वृत्तपत्रांतून गेमिंगविषयी जे छापून येते, त्यात कर्जबाजारीपणा, व्यसन आणि फसवणूक यांच्यापलीकडचे फारसे काही नसते. त्या बातम्या आवश्यक आहेत आणि त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र याच क्षेत्रात पैज नसलेला, प्रतिस्पर्धी नसलेला आणि बहुतेक वेळ केवळ वाचण्यात जाणारा एक प्रकार आहे, ज्याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. पडद्यावर पात्राचे चित्र असते, त्याच्या मागे जागेचे चित्र असते, खाली संवाद उमटतो आणि वाचून झाला की आपण पुढच्या संवादाकडे जातो. कंपन्यांनी सरकारची जागा बळकावलेली आणि माणसांच्या शरीरात यंत्रे बसवलेली जी भविष्यातली शहरे सायबरपंक म्हणून ओळखली जातात, त्या शहरांत घडणाऱ्या या प्रकारच्या काही गेम्सकडे साहित्याच्या नजरेने पाहिले जावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या परंपरेची सुरुवात जुनी आहे. जपानमध्ये कोनामी कंपनीने १९८८ मध्ये हिदेओ कोजिमा यांचा ‘स्नॅचर’ हा गेम काढला, तेव्हाच निऑन दिव्यांचे शहर, माणसांची जागा घेणारे यंत्रमानव आणि त्यांच्या मागावर असलेला नायक हा सारा सरंजाम जमून आला होता. परंतु माझ्या मते हा प्रकार खऱ्या अर्थाने वयात आला तो नायकाच्या हातातले पिस्तूल काढून घेतल्यावर.

जून २०१६ मध्ये आलेला ‘व्हीए-११ हॉल-ए’ हा त्याचा उत्तम नमुना आहे. नावाचा उच्चार ‘व्हॅल्हॅला’ असा करायचा असतो. ग्लिच सिटी नावाच्या शहरात, जिथे नागरिकांच्या शरीरात सोडलेल्या नॅनोमशिन्समधून, म्हणजे अतिसूक्ष्म यंत्रांमधून, प्रत्येकावर पाळत ठेवली जाते, तिथल्या एका लहानशा बारमध्ये सत्तावीस वर्षांची जिल स्टिंगरे गिऱ्हाइकांना पेये बनवून देते. शहरात बँकेवर सशस्त्र हल्ला होतो, ‘व्हाइट नाइट्स’ नावाच्या पोलीस दलाविरुद्ध असंतोष उसळतो, लोक मरतात. सर्वसाधारण गेममध्ये आपण या सगळ्याच्या मध्यभागी असतो. इथे मात्र ते सारे दाराबाहेर घडते आणि आपल्यापर्यंत पोहोचते ते दमून-भागून येऊन स्टुलावर बसलेल्या माणसाच्या बोलण्यातून. त्याच दलातली सेई ही तरुणी काउंटरसमोर बसून बोलू लागते, तेव्हा बातमीत जो केवळ गणवेश होता त्याच्या आत एक घाबरलेला, भाबडा जीव आहे हे कळते. परमिट रूममधल्या जुन्या वेटरला गिऱ्हाईक दारातून आत येतानाच आज काय झाले असेल याचा अंदाज येतो, तसे काहीसे कसब वाचकाच्या अंगी हळूहळू येत जाते.

आता यात खेळ कुठे आहे, असे कोणी विचारील. जिलने काय बोलावे हे आपण कधीच निवडत नाही. आपल्या हाती फक्त पाच काल्पनिक घटक, बर्फ, आणि पेय मुरवायचे का व किती वेळ घुसळायचे याचा निर्णय एवढेच असते. त्या घटकांपैकी ‘कार्मोट्रीन’ म्हणजे मद्यार्क. त्याचे प्रमाण अनेक पेयांत आपल्या मर्जीवर असते. गिऱ्हाईक काही वेळा पेयाचे नाव न सांगता ‘नेहमीचेच दे’ म्हणते, काही वेळा मागते एक आणि त्याला हवे असते दुसरेच. मग मागचे संभाषण आठवून ठरवावे लागते. कोणाला पेय थोडे कडक दिले तर तो मनातले बोलून जातो. म्हणजे संवादाची दिशा बदलण्याचे एकमेव साधन नीट ऐकणे हे आहे, आणि लक्ष न देता पुढे पुढे जाणाऱ्याला हा गेम फारसे काही देत नाही. कादंबरी वाचताना आपले लक्ष उडाले तरी पात्रांचे काही बिघडत नाही. इथे समोरच्याला चुकीचे पेय मिळते आणि त्याचा चेहरा बदलतो. ही जबाबदारी छोटी आहे, पण पात्रांविषयी वाटणारी आपुलकी मला वाटते तिच्यातूनच येते.

कामाची पाळी संपली की जिल घरी जाते. घरी मांजर आहे, घरभाडे आहे, बिले आहेत. पगारातून तिला हवीशी वाटणारी एखादी वस्तू घेतली नाही, तर दुसऱ्या दिवशी तिचे मन कामावर नसते आणि गिऱ्हाइकाने काय मागितले होते याची आठवण पडद्यावर उमटत नाही. वस्तू घेतली तर भाड्याला पैसे कमी पडण्याची धास्ती. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पाकीट उघडून पाहणाऱ्या कोणालाही यातला ताण समजावून सांगावा लागणार नाही.

हा ताण इतका अस्सल का उतरला, याचे उत्तर गेम जिथे बनला त्या ठिकाणी सापडते. ‘सुकेबान गेम्स’ हा दोन-तीन जणांचा गट व्हेनेझुएलाचा. क्रिस्टोफर ऑर्टिझ आणि फर्नांडो डामास यांनी २०१४ मध्ये एका स्पर्धात्मक उपक्रमासाठी याचा लहान नमुना तयार केला आणि पुढची दोन वर्षे त्याचा विस्तार केला. नेमक्या याच काळात त्यांच्या देशात अन्न, औषधे, साबण यांसाठी रांगा लागत होत्या, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये तर वीज वाचवण्यासाठी सरकारी कार्यालये आठवड्यातून दोनच दिवस उघडी ठेवण्याची वेळ आली होती. कोलमडत चाललेल्या शहरातही लोक कामावर जातात, भांडतात, प्रेमात पडतात, मांजरीला खाऊ घालतात, हे त्यांना कल्पनेने रचावे लागले नाही. श्रीमंत देशांतल्या सायबरपंकमध्ये पडझड ही बहुधा शोभेची वस्तू असते आणि पाऊस फक्त दिव्यांचे प्रतिबिंब दाखवण्यापुरता पडतो. व्हेनेझुएलाच्या या मुलांनी पडझडीला रोजच्या जमाखर्चात बसवले.

जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. या बारमधल्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत डॉसन नावाचे गृहस्थ आहेत. ते एका वृत्तपत्राचे संपादक असून कमालीचे उद्धट आहेत. हे आपण मनावर घेऊ नये, ही विनंती.

याच वाटेने नंतर आलेल्या गेम्सपैकी दोनांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या ‘डिकन्स्ट्रक्टिम’ या गटाचा ‘द रेड स्ट्रिंग्ज क्लब’ (२०१८) हाही बारमध्येच घडतो. पण इथला बारमालक पेयातून गिऱ्हाइकाच्या मनातली एखादी विशिष्ट भावना चाळवतो आणि त्या भावनेच्या भरात त्याच्याकडून माहिती काढून घेतो. लक्ष्य असते एक बलाढ्य कंपनी, जिचा बेत माणसांच्या मनातले दुःख, राग, भीती यांना कायमचे काबूत ठेवण्याचा आहे. आपण त्या कंपनीविरुद्ध लढत आहोत असे मानून खेळत राहतो, आणि मग आकारा ही यंत्रमानव एकेक प्रश्न विचारू लागते: अमुक भावना नाहीशी करता आली तर तू करशील का, तमुक विचार पुसता आला तर पुसशील का. उत्तरे देताना लक्षात येते की पेल्यातून आपणही दुसऱ्यांच्या मनाशी तेच करत आलो आहोत. हा पेच कोणत्याही चांगल्या नाटककाराला हेवा वाटावा असा आहे.

दुसरा ‘निओ कॅब’ (२०१९). लॉस ओहोस या शहरात स्वयंचलित गाड्या चालवणाऱ्या ‘कॅप्रा’ कंपनीचे राज्य आहे आणि लीना ही अजून स्वतः गाडी चालवणाऱ्या अखेरच्या काही चालकांपैकी एक आहे. प्रवासी किती तारे देतो यावर तिची रोजीरोटी अवलंबून, त्यामुळे उर्मट प्रवाशाशीही गोड बोलावे लागते. तिच्या मनगटावरचा पट्टा तिच्या भावना रंगांतून दाखवतो आणि राग किंवा दुःख अनावर झाले, की पडद्यावर दिसत असलेले शहाणपणाचे उत्तर तिला देताच येत नाही. मुंबई-पुण्यात अ‍ॅपवर टॅक्सी चालवणारे जे हजारो चालक उतरताना ‘साहेब, फाइव्ह स्टार द्या’ म्हणतात, त्यांच्या जगण्याविषयी इतक्या जवळून लिहिलेली मराठी कथा माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

या प्रकाराचे दोषही आहेत. ‘व्हीए-११ हॉल-ए’मधले बरेच विनोद चावट आहेत, काही ठिकाणी पोरकट आहेत, आणि तो शाळकरी मुलांसाठी मुळीच नाही. स्त्रीपात्रांच्या रेखाटनात जपानी चित्रमालिकांचे सगळे लाड आणि सगळे चाळे उतरले आहेत. शिवाय सलग तासन्‌तास संवाद वाचण्याचा कंटाळा येणाऱ्याने इकडे न फिरकलेले बरे. मात्र हे आक्षेप एखाद्या पुस्तकावर घ्यावेत त्या जातीचे आहेत. जुगाराच्या अ‍ॅपवर घ्यायच्या आक्षेपांशी त्यांची गल्लत होता कामा नये.

मला खंत वाटते ती भाषेची. वर उल्लेखिलेल्यांपैकी एकही गेम मराठीत नाही. व्हेनेझुएलाच्या लेखकांनीही मातृभाषा स्पॅनिश असताना जगाच्या बाजारासाठी इंग्रजीचा आधार घेतला, हे समजण्यासारखे आहे. तरीही व्हिज्युअल नॉव्हेल बनवण्यासाठी ‘रेनपाय’सारखे विनामूल्य साधन २००४ पासून उपलब्ध आहे, त्याला मोठे भांडवल किंवा महागडा संगणक लागत नाही, लागतो तो चांगला संवादलेखक आणि चित्रकार. एकांकिका स्पर्धांना दरवर्षी नव्या संहिता पुरवणाऱ्या आपल्या महाविद्यालयांत या दोघांचीही वानवा नसावी. दिवाळी अंकांतून विज्ञानकथा आवडीने वाचणारा वाचकवर्गही आपल्याकडे आहेच.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तक, नाटक आणि चित्रपट यांच्या परीक्षणांना नियमित जागा असते. महिन्यातून एकदा त्याच पानावर अशा एखाद्या गेमचे परीक्षण द्यावे, आणि ते तंत्रज्ञानाच्या वार्ताहराऐवजी कथा-कादंबऱ्यांवर लिहिणाऱ्या समीक्षकाकडून लिहून घ्यावे, अशी विनंती करतो.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)