क्रीडामंत्री साहेब, मोठं स्टेडियम राहू द्या, आधी छोट्या टीम नाशकात आणा

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

सप्रेम नमस्कार साहेब.

पत्र लिहायला कारण आमच्या सोसायटीचा वॉचमन. नेपाळचा आहे, दहा-बारा वर्षं झाली कॉलेज रोडला, सगळे त्याला बहादूर म्हणतात आणि ते त्याचं नाव नाहीये, पण ते जाऊ द्या. जून २०२४ मध्ये टी-२० वर्ल्ड कपला नेपाळ आणि साउथ आफ्रिकेची मॅच होती, आपल्याकडे पहाटे पाचला सुरू झाली, मी साडेसातला दूध आणायला खाली उतरलो तर हा केबिनमध्ये गेटच्या रजिस्टरला मोबाईल टेकवून बसलेला, सोबत शेजारच्या बिल्डिंगचे दोघं आणि मोमोच्या गाडीवरचा पोरगा. मीपण स्टुलावर टेकलो, दूध राहिलं. जिंकायला ११६ हवे होते, शेवटच्या बॉलला २, गुलशन झाच्या बॅटला बॉल लागलाच नाही, तरी पळाला आणि रनआऊट. एका रनने हरले. कोणी काही बोललं नाही. बाहेर घंटागाडीचं गाणं वाजत होतं, याने उठून गेट उघडलं.

संध्याकाळी मला म्हणतो, साहेब, नेपाळची टीम नाशिकला येईल का कधी? मी हसलो. नंतर वाटलं, हसलो कशाला, न येण्यासारखं काय आहे त्यात.

तुम्हाला भेटणारे सगळे आयपीएल मागत असतील, इंडिया-ऑस्ट्रेलिया मागत असतील, पन्नास हजारांचं स्टेडियम मागत असतील. मी नाही मागत. मला खालच्या डिव्हिजनच्या मॅचेस हव्यात. जत्रेतल्या कुस्त्या बघितल्या असतील तुम्ही, शेवटची मानाची कुस्ती सगळ्यांना हवी असते, पण दुपारी ऊन असताना नारळावर, रेवड्यांवर ज्या कुस्त्या लागतात ना, पुढचा पैलवान तिथेच दिसतो, आणि ज्याने तेव्हा बघितलाय तो नंतर आयुष्यभर सांगत फिरतो.

आयसीसीने २००७ ला वर्ल्ड क्रिकेट लीग काढली होती, शाळेतल्या तुकड्यांसारख्या डिव्हिजन, जिंकलात तर वर, हरलात तर खाली. २००८ ला अफगाणिस्तान डिव्हिजन फाइव्हमध्ये होतं, जर्सी नावाच्या इवल्याशा बेटावर खेळायला गेलं होतं आणि फायनलला त्या बेटाच्याच टीमला कसंबसं २ विकेटने हरवलं. मग टांझानिया, मग अर्जेंटिना, २००९ ला वनडेचा दर्जा, २०१७ ला टेस्टचा. आणि ३० ऑक्टोबर २०२३ ला तीच टीम आपल्या पुण्याजवळच्या गहुंज्याला श्रीलंकेला ७ विकेटने हरवून गेली. मी होतो तिथे, नारायणगाव-चाकणचं ट्रॅफिक खात गेलो होतो आणि एका मिनिटाचाही पश्चात्ताप नाही. १५ वर्षांत जर्सीवरून गहुंजे!

ती लीग २०१९ ला बंद झाली, आता लीग टू आणि चॅलेंज लीग असते, नावं बदलली, भूक तीच. इटली २०२६ च्या टी-२० वर्ल्ड कपला पात्र ठरली. नेपाळने २०२५ मध्ये शारजाला वेस्ट इंडिजला टी-२० सिरीजमध्ये २-१ ने हरवलं. आणि अमेरिकेच्या टीममध्ये पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर (मॅच बरोबरीत सुटली की खेळतात ती जादा ओव्हर) टाकणारा सौरभ नेत्रावळकर तर आपल्या मुंबईचा, दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी करणारा माणूस. अशी टीम नाशकात आली तर लोक येणार नाहीत असं कोण म्हणतो? रणजीला इथे येतातच की, गोल्फ क्लबवर सकाळी चक्कर मारायला आलेली रिटायर्ड मंडळी नाश्ता विसरून जाळीला नाक लावून उभी असतात.

(त्या मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, पण गाव गोल्फ क्लबच म्हणतं, गोल्फ खेळताना मी तरी कुणाला बघितलं नाही. निदान टीव्हीवर स्कोअरकार्डखाली तरी कान्हेऱ्यांचं नाव येऊ द्या.)

आता हे तुमच्या एका सहीने होत नाही हे मला कळतं. आयसीसी ठरवते, एसीसी म्हणजे आशियाई क्रिकेट परिषद ठरवते, बीसीसीआय हो म्हणायला लागतं. पण एसीसीचा प्रीमियर कप बघा, १० टीम असतात, २०२३ ला नेपाळने भरवला आणि जिंकून थेट आशिया कपला गेले, पुढच्या वर्षी ओमानने भरवला. नेपाळला जमतं, ओमानला जमतं, मग महाराष्ट्राने निदान हात तरी वर करावा ना. तुमचं काम मैदान तयार ठेवणं आणि एक पत्र लिहिणं एवढंच.

आणि मैदान तयार म्हणजे रंगरंगोटी नव्हे. सप्टेंबर २०२४ ला ग्रेटर नोएडाला अफगाणिस्तान-न्यूझीलंड टेस्ट ठेवली, पाच दिवसांत एक बॉल पडला नाही, ओलं मैदान वाळवायला फॅन लावले होते, अख्ख्या जगाने फोटो बघितले. पाऊस तर होताच, पण खाली पाणी जायला वाट नसेल तर वर कितीही गवत लावा. म्हणून आधी ड्रेनेज, मग कव्हर, मग नेट्स. आणि भरवा डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा नाशिकसारखी हवा कुठेच नाही, पाऊस नाही, थंडीने बोटं आखडतात पण बॉल मस्त स्विंग होतो.

अजून एक, हे जरा चिडूनच लिहितोय. माझ्या भाचीची मॅच होती मागच्या वर्षी, मैदानाचं नाव नाही घेत. चेंजिंग रूमला कुलूप. चावी ज्याच्याकडे तो कुणाच्या तरी लग्नाला सिन्नरला गेलेला. पोरींनी एका पालकाच्या ओम्नीला चादरी लावून कपडे बदलले, टॉयलेट म्हणजे समोरच्या मिसळवाल्याला विनंती. याच जिल्ह्यातून सत्यजित बच्छाव आणि माया सोनवणे हे क्रिकेटपटू पुढे गेलेत साहेब. बाहेरची टीम येणार म्हटलं की चार रूम बांधल्या जातील, दोन बाया साफसफाईला लागतील, आणि टीम गेल्यावर त्या रूम आमच्या पोरींना राहतील. खरं सांगू का, माझा अर्धा स्वार्थ इथेच आहे.

२०२७ ला सिंहस्थ आहे, शहर सगळं खणून ठेवलंय, तेव्हा तुमच्यामागे शंभर कामं असणार, त्या गर्दीत नकोच. त्यानंतरचा हिवाळा चालेल. तोवर एकदा सकाळी सातला गोल्फ क्लबवर या, गाड्यांचा ताफा बाहेर ठेवा, पायी एक चक्कर मारा, चहा माझ्याकडून. वॉचमनला मी सांगितलंय मंत्र्यांना पत्र लिहितोय म्हणून. तो म्हणाला, तारीख कळली की आधी सांगा, रजा टाकावी लागेल.

आपला,
कॉलेज रोडवरचा एक क्रिकेटवेडा
नाशिक