इमोजीचा जन्मदाखला आणि आपले जुने अंक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक इमोजी दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात इमोजीचे जनक म्हणून शिगेताका कुरिता यांचे नाव आणि १९९९ हे साल दिले आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये कुरिता यांची १७६ चित्रे संग्रहात घेतली आणि तेव्हा हीच माहिती जगभर छापून आली. त्यामुळे लेखकाला दोष द्यावा असे काही नाही. पण ती आता जुनी झाली आहे, आणि कशी जुनी झाली ही हकीकत मूळ लेखापेक्षा रंजक आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

कुरिता यांची बारा बाय बारा ठिपक्यांची चित्रे डोकोमो या जपानी मोबाइल कंपनीच्या आय-मोड या मोबाइलवरच्या इंटरनेट सेवेसाठी होती. त्याआधी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, जपानमध्येच जे-फोन या दुसऱ्या कंपनीच्या एका मोबाइलवर ९० इमोजी आले होते, ही गोष्ट २०१९ मध्ये पुढे आली. फोन महाग, खपला नाही, लोक विसरले. आज गावभर फिरणारा शीचा ढीगसुद्धा त्यात होता! पुढे २०२४ मध्ये एका हौशी संगणकप्रेमीने जुनी जपानी यंत्रे उचकत हा माग १९८८ पर्यंत मागे नेला. शार्प कंपनीची खिशात मावणारी एक इलेक्ट्रॉनिक डायरी होती, तिच्यात अक्षरांच्या जोडीला अशी चित्रे होती. कुरिता यांचे श्रेय त्याने कमी होत नाही, इमोजींचा प्रसार झाला तो त्यांच्या संचामुळेच. पण 'जनक' हा शब्द आता जपून वापरावा लागेल.

तसाच किस्सा अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस यांच्या हसऱ्या खुणेचा. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ मध्ये संगणकाच्या सूचनाफलकावर गप्पा चालत. लिफ्ट तुटून खाली येत असताना आतल्या पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल, असे कोडे एकाने घातले. दुसऱ्याने ठोकून दिले, की प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे आणि थोडी आगही लागली होती. काहींनी ते खरेच मानले. मग थट्टेला काहीतरी खूण हवी, यावर खल सुरू झाला. एकाने तारांकन सुचवले, दुसऱ्याला टक्क्याचे चिन्ह बरे वाटले, तर तिसरा म्हणाला, चांगल्या विनोदाला तारांकन ठेवा आणि फालतू विनोदाला टक्का. 'अँड'चे चिन्ह (&) हसून लोळणाऱ्या लठ्ठ माणसासारखे दिसते, असाही युक्तिवाद झाला. (शुद्धलेखनावरच्या आपल्या बैठका याहून फार वेगळ्या नसाव्यात.) अखेर १९ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी स्कॉट फालमन यांनी :-) ही खूण सुचवली आणि ती आडवी वाचा म्हणून सांगितले.

हा संदेश फालमन यांनी स्वतःही ठेवला नव्हता. वीस वर्षे सगळा मामला ऐकीव होता. २००२ मध्ये काही जणांनी चिकाटीने विद्यापीठाच्या १९८२ च्या बॅकअप टेप हुडकल्या. त्या वाचू शकेल असे चालू यंत्र मिळवले, जुन्या पद्धतीने साठवलेला मजकूर उलगडला आणि तो संदेश वेळेसकट हाती लागला. कोणीतरी एका कपाटातल्या टेप भंगारात काढल्या नव्हत्या, म्हणून हे जमले.

आता आपल्याकडे पाहू. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासूनचे, मनोगत २००४ चे, मिसळपाव २००७ चे. तिथे लिहिणाऱ्यांनी फालमन यांच्या खुणेचे काम करणारे अस्सल मराठी तोडगे काढले. चिमटा काढून झाला की 'ह. घ्या.', म्हणजे हलके घ्या. मायबोलीकरांनी त्याहून कडी केली. इंग्रजी 'लाइट'ला धरून त्यांनी सरळ दिवाच केला आणि 'दिवे घ्या' म्हणू लागले. समोरचा फारच तापट असेल तर एका वाक्यामागे चार-चार दिवे. शिवाय 'हहपुवा' म्हणजे हसून हसून पुरेवाट, 'वाखुसा' म्हणजे वाचनखूण साठवली. मला हे सगळे परकीय इमोजीपेक्षा चतुर वाटते. उद्या भाषेच्या एखाद्या विद्यार्थ्याला पहिला दिवा कोणी लावला हे शोधायचे असेल, तर त्याला तारखेसह मूळ पाने लागतील.

आणि इथे प्रश्न आपल्या वृत्तपत्रांकडेही येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी एकच ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण घरोघरच्या संगणकावर ती नीट दिसू लागायला विंडोज २००० आणि एक्सपी यावे लागले. तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, मराठी संकेतस्थळे आपापल्या खास फॉन्टवर चालत. तो फॉन्ट उतरवून घेतला नाही तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरच्या खुणांचा गोंधळ दिसे. मी डीटीपीच्या धंद्यात होतो, त्यामुळे यामागची भानगड माहीत आहे. त्या फॉन्टमध्ये अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. अर्धे अक्षर वेगळे, त्याचा काना वेगळा. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये ज्या जागी 'म' असे, तिथे दुसरीच्या फॉन्टमध्ये भलतेच काही. अशी जुनी पाने आज इंटरनेट अर्काइव्ह या जुनी संकेतस्थळे जपून ठेवणाऱ्या संग्रहात मिळाली तरी फॉन्टवाचून त्यांचा उपयोग नाही, आणि गूगलला तर ती मराठी आहेत हेही कळत नाही.

यावर उपाय अवघड नाही. कोणत्या जागी कोणता तुकडा याचा तक्ता असला, की वेलांट्या आणि रफार जागच्या जागी सरकवून सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. थोडे मुद्रितशोधन लागेल, इतकेच. तसे झाले तर 'भ्रमणध्वनी' मथळ्यांतून कधी हटला, 'महाजाल', 'आंतरजाल' आणि 'इंटरनेट' यांची झुंज किती वर्षे चालली, हे कोणालाही घरबसल्या शोधता येईल. छापील अंकांच्या फायली ग्रंथालयांत असतात, पण त्यात एखादा शब्द शोधायचा म्हणजे पाने उलटत बसणे आले.

तेव्हा विनंती दोन. इमोजीच्या जन्मसालाबद्दल दोन ओळींचा खुलासा छापावा. आणि आपल्या संकेतस्थळाचे युनिकोडपूर्व अंक कुठे, कोणत्या डिस्कवर किंवा सीडीवर पडून आहेत याची चौकशी करावी. त्या काळी पाने लावणारे काही ऑपरेटर अजून आपल्याकडे कामाला असतील. फॉन्टची फाइल आणि तक्ता त्यांच्याकडेच निघण्याचा संभव जास्त. ते निवृत्त होण्याआधी विचारून घ्यावे.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली