बाबा, काकांशी एकदा बोला

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर काकांशी असलेल्या भांडणाचा विषय निघाला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई म्हणते जाऊ दे, नंतर बोलू, म्हणून लिहितेय. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

बाबा, काकांनी वाटेवर बाभळीचे काटे टाकले, तोडणीची टोळी दोन दिवस थांबून निघून गेली आणि आपला ऊस एप्रिलपर्यंत उभा राहिला, ते मी विसरलेली नाही. मी बारावीला होते, तुम्ही फडात एकेक वाळलेला ऊस हातात घेऊन बघत होतात. चूक त्यांचीच होती. पण त्याच उन्हाळ्यात सामाईक विहिरीचा स्टार्टर आपण बंद ठेवला आणि त्यांचा भुईमूग करपला, हेही झालंय ना? आई त्या रात्री जेवली नव्हती. आपल्या घरात उसाची गोष्ट शंभरदा निघते, भुईमुगाची एकदाही नाही, आणि काकांच्या घरी बरोब्बर उलटं होत असणार.

कागदांचा प्रश्न म्हणाल तर तो सुटण्यासारखा आहे. आजोबांच्या वेळी एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले तेव्हा, घोळ झाला, तोच पुढे वाटणीत उतरला, वरचा गट सातबाऱ्यावर काकांच्या नावावर पण कसता तुम्ही, खालचा तुमच्या नावावर आणि कसतात ते. अशाच प्रकरणांसाठी सरकारने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. ताबा असा उलटा होऊन १२ वर्षं झाली असतील आणि दोघं राजी असतील तर तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात, मग अदलाबदलीचा दस्त होतो, मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १०००. वकिलाला आजवर किती गेले ते आईच्या वहीत आहे, एकदा बघा. कोर्टातला दावासुद्धा लोक अदालतीत तडजोडीने संपवता येतो, तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच धरतात, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. योजना मुदतीची आहे म्हणून मी घाई करतेय.

पण दोघं राजी पाहिजेत आणि आपलं सगळं तिथंच अडलंय. २००७ ला तंटामुक्तीची मोहीम आली त्यानंतर समितीने तुम्हाला बसवलं होतं. देवळात तुमच्याबरोबर आठ माणसं, काकांबरोबर दहा. एवढ्या लोकांदेखत कोण मागे सरणार, दोघंही भावाशी बोलत नव्हता, मागे बसलेल्यांना ऐकवत होता. त्यात काका आजीच्या आजारपणाचं काहीतरी बोलले आणि तुम्ही उठून आलात. मला वाटतं खरी जखम ती आहे, जमीन नंतरची.

म्हणून आता गर्दी नको, भाऊबंद नको, मी आणि चुलतभाऊ पण नको. तुम्ही, काका आणि आत्या, बस. आत्या दर भाऊबीजेला सकाळी आपल्याकडे जेवते, संध्याकाळी त्यांच्याकडे, दोन्हीकडे तोच आग्रह, आणि एका घरात काय बोलणं झालं ते दुसऱ्या घरात तिने कधी काढलं नाही. तिच्यावर तुम्हा दोघांचाही विश्वास आहे. पहिल्या दिवशी गट, बांध, दावा यातलं काहीच काढू नका. काकांना आधी बोलू द्या, मधे तोडू नका, कितीही खोटं वाटलं तरी. मग उसाचं तुम्ही सांगा, त्या वर्षी घरात काय हाल झाले ते सगळं. आणि भुईमुगाचं तुम्ही स्वतःहून काढा बाबा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. माफीचा शब्द जमला तर बरंच, नाही जमला तर "माझ्या हातून झालं" एवढं तरी म्हणा.

तुम्ही हरलात असं मला कधीच वाटणार नाही. तुमची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, काकांना एका डोळ्याने नीट दिसत नाही, आणि एका ताटात जेवलेली तुम्ही माणसं रस्त्यात समोर आलात की मान फिरवता, हे मला बघवत नाही.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतेय. सातबारे आणि फेरफार काढून आणलेत.

आई, आत्याला फोन तू लाव. बाबांसमोर लाव.

तुमची,
ताई