सुभेदारसाहेब, तुमच्यामुळे थोरातसाहेब पोरांना कळले

आदरणीय सुभेदारसाहेब,
सादर नमस्कार.

थोरातसाहेबांबद्दल सांगायला तुम्ही आमच्या वर्गात आलात, त्या दिवशी घंटा झाली, पोरांनी तुम्हाला गराडा घातला आणि आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे जाहीर पत्र.

लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांच्यावर नववीच्या वर्गापुढे बोलायचं ठरवलं, तेव्हा सनावळ्या माझ्याकडे होत्या. 1906 चा जन्म, कोल्हापूरकडचे, इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत शिकलेले. 1945 मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी 2/2 पंजाब या पायदळ पलटणीचं नेतृत्व केलं, डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळवलं. 1953-54 मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी कोरियात गेलेल्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. तिथे कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं, तेव्हा थोरातसाहेब स्वतः त्यांच्या गोटात शिरले. हा प्रसंग पोरांना सांगायला सोपा. अवघड होता तो 1959 सालचा इशारा. लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी चिनी आक्रमणाचा धोका लेखी कळवला, मार्च 1960 मध्ये लखनौला ‘लाल किला’ सराव घेऊन तो मांडूनही दाखवला. त्यातलं युद्धशास्त्र उलगडून सांगणारं माणूस मला हवं होतं.

तुम्ही चीनच्या सीमेलगतच्या, अरुणाचलातल्या तवांग भागात नोकरी केलेली. आलात, पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलंत आणि खडूने फरशीवर आसामातल्या तेजपूरपासून बोमडिला, से-ला खिंड, तवांग अशी वाट काढलीत. मग ज्वारीचं अर्धं पोतं मागवलंत! एकेका पोराच्या पाठीवर ते देऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढायला लावलात. वर पोचलेल्याला धड बोलता येईना. "आता हाच जिना से-लाच्या 13,700 फुटांवर न्या," तुम्ही म्हणालात, "हवा विरळ, अंगावर सुती कपडे, आणि वर गेल्यावर लगेच लढायचंय. पोटाला भाकरी अन् बंदुकीला गोळी, दोन्ही खालूनच चढवावी लागतात, पोरांनो."

थोरातांचा आराखडा त्या एका वाक्यात वर्गाला समजला. सीमेवरच्या चौक्या फक्त चाहूल घेण्यापुरत्या ठेवायच्या, शत्रूला पुढे येताना झुंजवत रखडवायचं आणि खरी लढाई मागे, बोमडिलाच्या आसपास द्यायची. म्हणजे त्याची रसद लांबते, आपली जवळ राहते. दिल्लीत त्याकडे काणाडोळा झाला. मे 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले; तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी आपल्यानंतर लष्करप्रमुखपदासाठी त्यांची शिफारस केली होती, तरी ते पद दुसऱ्याला गेलं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1962 मध्ये, चीनच्या हल्ल्यात से-ला आणि बोमडिला दोन्ही पडले. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. मला ते आवडलं. इतक्या जवानांच्या जिवाचा प्रश्न शांतपणे सांगायचा नसतोच.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग साहेब रुसून घरी बसले का?" तुम्ही तिला जवळ बोलावून सांगितलंत, की नाही, त्यांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. वर्दी उतरली तरी कामाची शिस्त सुटली नाही. तुमच्या तोंडून हे शोभलं. आमच्या भागातल्या किती वीरपत्नींचे पेन्शनचे कागद तुम्ही स्वतः भरून देता, हे मला माहीत आहे.

ती मुलगी आता एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) परीक्षेची चौकशी करते आहे. गणित मी बघते, नकाशावाचन तुम्ही घ्याल का? रविवारी सकाळी शाळा उघडी ठेवण्याची परवानगी मी काढली आहे.

मनापासून आभार.

आपली,
नववीच्या वर्गाच्या बाई, सोलापूर