हिंदुस्थानातली युद्धपोस्टरं कुठे आहेत?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला युद्धकाळातल्या पोस्टरांवरचा लेख वाचला. चित्रं सुरेख छापली होती, पण सगळी विलायत-अमेरिकेची. 'तुमच्या देशाला तुम्ही हवे आहात' म्हणत बोट रोखलेले पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर, तसाच १९१७ चा अंकल सॅम, म्हणजे अमेरिकेचं माणसाच्या रूपातलं प्रतीक. हिंदुस्थानात लागलेलं एकही पोस्टर त्यात नव्हतं, याची चुटपुट लागली.

१९१५ च्या एका ब्रिटिश पोस्टरात बाप खुर्चीत बसलाय, पायाशी मुलगा खेळण्यातले शिपाई मांडतोय आणि मांडीवरची मुलगी विचारतेय, 'बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत?' भरती न झालेल्या माणसाला उद्या स्वतःच्याच घरात मान खाली घालावी लागेल, ही भीती त्यात आहे. त्याच युद्धात आपल्याकडे लागलेलं एक उर्दू पोस्टर विचारतं, हा रुपया, ही बंदूक आणि ही वर्दी कोण घेणार? तिथे अब्रू, इथे पगार! 'तुमचा देश' म्हणून कुणाला हाक मारायची, तर तो देश आधी त्याचा असावा लागतो. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं त्या युद्धासाठी समुद्रापार गेली. रुपयाचा सवाल कुणाला आणि का केला गेला, हे त्यांच्या नातवंडा-पतवंडांना कळायलाच हवं.

पोस्टरांनीच फौजा उभ्या केल्या, हे लेखातलं म्हणणं मात्र पटलं नाही. इतकी पोस्टरं लावूनही ब्रिटनला १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा करावा लागला. आज कपांवर मिरवणारं 'कीप काम अँड कॅरी ऑन' (शांत राहा, काम चालू ठेवा) हे ब्रिटिश पोस्टर दुसऱ्या महायुद्धासाठी १९३९ मध्ये २४ लाखांवर छापलं गेलं. त्यातलं बहुतेक भिंतीवर चढलंच नाही.

आमच्या वडोदऱ्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयाच्या चित्रदालनाची इमारत १९१४ लाच तयार होती. युद्धामुळे युरोपातली चित्रं वेळेवर पोहोचली नाहीत आणि दालन १९२१ मध्ये खुलं झालं. या पोस्टरांचं प्रदर्शन वडोदऱ्यात भरायचं तर याहून योग्य जागा नाही. विद्यापीठाच्या ललित कला शाखेतल्या विद्यार्थ्यांनी हिंदुस्थानातली आणि विलायतेतली पोस्टरं शेजारी-शेजारी मांडावीत. प्रत्येकाखाली ते कुणी काढवलं, कुठल्या साली आणि कुणासाठी, हे मराठी-गुजरातीत लिहावं. आपल्या वर्तमानपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा