गुडघ्याच्या इंजेक्शनबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, गुडघ्यात स्टेम सेलचं (म्हणजे मूलपेशींचं, ज्यांच्यापासून शरीरात नव्या पेशी बनतात त्यांचं) इंजेक्शन घेऊ का, असं तुम्ही विचारलंत. माझं म्हणणं आहे, घेऊ नका. का, ते फोनवर धड सांगता येणार नाही म्हणून लिहितेय.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. तिला रक्तवाहिन्याच नाहीत. कातडी कापली तर रक्तातून मदत धावून येते, खपली धरते. कूर्चेपर्यंत ती पोचतच नाही, आणि तिच्या स्वतःच्या पेशी मोजक्या नि संथ. म्हणून झिजली की ती भरून येत नाही. सांध्यात टोचलेल्या पेशी तिथे तग धरून नवी कूर्चा घडवतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. काहींचं दुखणं कमी होतं हे खरं, पण नुसतं सलाईन टोचूनही बऱ्याच जणांना बरं वाटतं.

आई, म्हणून हे शास्त्रच खोटं असं समजू नकोस. मामाने यकृताचा तुकडा दिला, त्याची जागा काही महिन्यांत कशी भरून आली, ते तू पाहिलंयस. राइनवाल्ड आणि ग्रीन या संशोधकांनी 1975 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची रीत शोधली. पुढे त्यातूनच भाजलेल्या माणसाच्या शाबूत कातडीच्या छोट्याशा तुकड्यापासून मोठ्या जखमा झाकतील इतके पापुद्रे तयार होऊ लागले. रसायनाने भाजलेल्या डोळ्यासाठी कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) कडेच्या मूलपेशी वाढवून लावण्याचा उपचार युरोपने 2015 मध्ये मंजूर केला. मला हे वाचताना आजही भरून येतं. पण तिथे पातळ थर असतो, कोणती पेशी कुठे बसवायची ते ठाऊक असतं. गुडघ्यावर पावलागणिक अख्ख्या शरीराचा भार येतो.

आणि 'आपल्याच पेशी, अपाय कसला?' हे तर अजिबात मानू नका. अमेरिकेत तिघींच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या. तिघींचीही नजर गेल्यात जमा झाली. हे प्रकरण 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय.

बाबा, त्या इंजेक्शनसाठी आगाऊ पैसे भरू नका. मांडीचे व्यायाम चालू ठेवा, त्याचा उपयोग होतो हे पक्कं ठाऊक आहे. फारच झिजलं असेल तर सांधा बदलण्याचं मनावर घेऊ. पुढच्या तपासणीला मी येते. आई, जुने एक्स-रे काढून ठेव.

तुमची लेक