मंत्रीसाहेब, वर उडवलेल्या नाण्यावर कुठला फोर्स असतो?

मा. शिक्षणमंत्री साहेब,

नमस्कार. मी शाळेत फिजिक्स शिकवते, म्हणजे पुढच्या तक्रारीत थोडा दोष माझाही आहे.

परवा नववीच्या वर्गात एक नाणं वर उडवलं आणि विचारलं, हवेचं सोडा, हे वर जाताना याच्यावर कुठले फोर्स आहेत? बहुतेकांचं उत्तर एकच, "हाताचा फोर्स वर आणि ग्रॅव्हिटी खाली". अरे पण हात तर कधीच सुटला, मग फोर्स देतंय कोण? सगळे गप्प. बरं, अगदी टोकाला नाणं क्षणभर थांबतं तेव्हा ॲक्सलरेशन किती, तर सगळे एका सुरात "झिरो!" आता वेग शून्य हे बरोबर, पण ॲक्सलरेशन वर जाताना, टोकाला, खाली येताना, सगळीकडे तेच ९.८, आणि खालच्याच दिशेनं. हीच पोरं "फोर्स म्हणजे मास गुणिले ॲक्सलरेशन" झोपेतपण म्हणतील आणि न्यूमरिकल्सला पैकीच्या पैकी घेतील.

पोरं ढ नाहीत हो. ढकलल्याशिवाय काही हलत नाही असंच रोज दिसतं, ॲरिस्टॉटललाही तसंच वाटायचं. आणि हे सगळीकडेच आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी फोर्स कितपत समजलाय हे तपासणारी २९ प्रश्नांची एक टेस्ट छापली, त्यात आकडेमोड अजिबात नाही, तरी गणितं सोडवणारे कॉलेजचे विद्यार्थीसुद्धा अडखळले. हार्वर्डमध्ये फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी तिचीच आधीची आवृत्ती वर्गाला दिली तर कुणीतरी विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला वाटतं तसं? (हा प्रश्न वाचून मी पेन खाली ठेवलं होतं.) १९९८ मध्ये हेक या अमेरिकन प्राध्यापकांनी सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे अशाच टेस्टचे निकाल तपासले, तर जिथे मुलं आपसात चर्चा करत, वाद घालत शिकत होती तिथली प्रगती नुसत्या लेक्चरच्या जवळपास दुप्पट.

म्हणून यंदा सहामाहीच्या पेपरात मी नाण्याचा प्रश्न टाकला, ४ मार्कांना, कारण लिहा म्हणून. दुसऱ्या दिवशी दोन पालक हजर. "मॅडम, हे बोर्डाला येतं का?" मी नाही म्हणाले. "मग कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, ते तुमच्याकडेच आहे. नवा धडा नको, नवीन पुस्तकही नको, फक्त बोर्डाच्या पेपरात १० मार्कांचे असे बिनआकड्यांचे प्रश्न घाला, म्हणजे पुढच्या वेळी मला "हो, येतं" म्हणता येईल.

तुमची,
एक फिजिक्सची बाई